पोळीभाजी, मोबाईल आणि पाठीवरची बॅग

शनिवार सकाळ. चहाचा दुसरा कप. आठवडाभर कंपनीसाठी कोड लिहिला, आता दोन तास स्वतःसाठी काहीतरी लिहायचं.

विषय गेल्या रविवारीच मिळाला होता. लेकीला नोकरी लागली. ऑफिस सीप्झमध्ये, म्हणजे माझ्याच वाटेवर. मुलुंडहून लोकल, घाटकोपरला उतरून मेट्रो, मरोळ नाक्याला मेट्रो बदलून सीप्झ. सोमवारी पहिला दिवस, म्हणून रविवारी रात्री तिला समोर बसवून मी रीतसर 'ट्रेनिंग' दिलं. घाटकोपरला जिन्यासमोर कुठला डबा येतो, गाडी थांबायच्या आधी दाराकडे कधी सरकायचं, बॅग पाठीवरून काढून पोटाशी कधी घ्यायची, पावसात कुठल्या फलाटावर पाणी टपकतं... पंचवीस-तीस वर्षांचा अनुभव आहे महाराजा! पाऊण तास मी बोलत होतो आणि मनातून खूशही होतो. वाडवडील पोरांना शेत देतात, मी डबा क्रमांक देत होतो.

सगळं ऐकून घेऊन लेक म्हणाली, "बाबा, तू एवढं सगळं सांगितलंस, पण हे असं का आहे ते नाही सांगितलंस."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आठवडाभर तेच डोक्यात फिरतंय, म्हणून हा लेख.

आमच्या धंद्यात 'वर्कअराउंड' नावाचा प्रकार असतो. प्रोग्राममध्ये मूळ दोष आहे, तो दुरुस्त करायला वेळ नाही किंवा कुणाची तयारी नाही, मग तात्पुरती पळवाट काढायची. ग्राहकाला सांगायचं, हे बटण दाबू नका, ते दोनदा दाबा, चालेल. यात गैर काही नाही, पण एक नियम असतो. मूळ दोषाची नोंद उघडी ठेवायची. ती नोंद बंद झाली की पळवाटच पद्धत होऊन बसते, आणि पाच वर्षांनी आलेला नवीन पोरगा तीच 'पद्धत' म्हणून शिकतो. रविवारी रात्री मी नेमकं हेच करत होतो.

आधी मोबाईलचं बघू, कारण तो माझा आवडता विषय. ऑफिसमधली पोरं दरवर्षी नवा फोन घेतात आणि कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलवर भांडतात. माझं मत जुनाट आहे. उपनगरात राहणाऱ्या माणसाच्या फोनला दोनच गोष्टी हव्यात, बॅटरी आणि बॅटरी. (दुसरी बॅटरी म्हणजे टॉर्च.) २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या रात्री मी अंधेरीहून पवईमार्गे मुलुंडला चालत आलो. खिशात नोकिया ११००. फोन लागत नव्हता, पण टॉर्च चालू होता. गुडघाभर पाण्यात पुढचं उघडं गटार त्या इवल्याशा उजेडात दिसलं, म्हणून आज हे लिहितोय. त्यानंतर कितीतरी महागडे फोन वापरले, पण उपकार त्या एकाचेच.

दुसरं नाव एम-इंडिकेटरचं. सचिन टेके नावाच्या आपल्या मराठी इंजिनिअरने केलेलं हे ॲप. त्याआधी शर्टाच्या खिशात लोकलच्या वेळापत्रकाची चोपडी असायची, घामाने भिजलेली. ती चोपडी त्याने फोनात घातली, तीही नेट नसताना चालेल अशी. ज्याने स्वतः फलाटावर उभं राहून गाडीची वाट पाहिली आहे, त्यालाच हे सुचू शकतं. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये 'मुंबई वन' आलं, लोकल, मेट्रो, बस धरून अकरा संस्थांची तिकिटं एका ॲपमध्ये. इंजिनिअर म्हणून सांगतो, अकरा जणांच्या यंत्रणा एकमेकींशी बोलत्या करणं हे खायचं काम नाही. शाबासकी द्यायलाच हवी.

खायचं काम म्हटलं की वडापाव आलाच. दादर स्टेशनबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्यांनी तो पहिल्यांदा विकला असं सांगतात. यावर लोक भावुक होतात, अस्मिता वगैरे. मला त्यातलं डिझाइन दिसतं. एका हातात मावतो, ताट लागत नाही, चमचा लागत नाही, दोन मिनिटांत संपतो आणि दुसरा हात दांडी धरायला मोकळा राहतो. ज्या माणसाला बसून जेवायला वेळ नाही त्याचं ते जेवण आहे. चव अप्रतिम, वाद नाही. पण वेळ नाही म्हणून ते जन्माला आलं, हे विसरू नये.

त्याचाच घरी न्यायचा अवतार म्हणजे पोळीभाजी केंद्र. मुलुंड, ठाणे, डोंबिवलीत ही केंद्रं स्टेशनपासून घरापर्यंतच्या वाटेवर असतात, आणि ते उगाच नाही. आठ वाजता गाडीतून उतरलेली बाई घरी जाऊन कणीक भिजवणार कधी? मग सहा पोळ्या, पाव किलो भाजी, कधीतरी अळूचं फदफदं. आमच्या घरी दोघंही नोकरीला, त्यामुळे लेकीचं निम्मं पालनपोषण कोपऱ्यावरच्या काकूंच्या केंद्राने केलं, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. बाहेरून मागवलेल्या पिझ्झ्याला आपण 'लाइफस्टाइल' म्हणतो आणि पोळीभाजी आणली की बायकोला आळशी म्हणतो, हा आपला ढोंगीपणा. असो, तो वेगळा लेख होईल.

राजकारण्यांना मात्र हे अन्नाचं प्रकरण बरोब्बर कळलंय. १९९५ साली युतीचं सरकार आलं आणि एक रुपयात झुणका भाकर आली. पुढे ती केंद्रं हळूहळू इतर खाण्याच्या टपऱ्या झाली. २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी आली, दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात. मी यांची टिंगल करणार नाही. भुकेल्या माणसाला दहा रुपयांत जेवण मिळणं ही चांगलीच गोष्ट आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. स्वस्त थाळी देणं सोपं, कारण तिचं उद्घाटन करता येतं, फोटो काढता येतो. माणसाला संध्याकाळी एक तास परत देणं कठीण. त्याचा फोटो येत नाही.

आता मुद्द्याचं.

काकूंच्या केंद्रात पोळ्या लाटणाऱ्या एक ताई आहेत. दिव्याहून येतात. म्हणजे माझा वेळ वाचावा म्हणून मी त्यांच्याकडून पोळ्या घेतो आणि त्यासाठी त्या माझ्यापेक्षा भयानक गर्दीतून प्रवास करतात. ९ जून २०२५, सोमवार. सकाळी दिवा आणि मुंब्र्याच्या मधे वळणावर दोन गाड्या शेजारून गेल्या आणि दारात लटकलेली माणसं खाली पडली. किमान चार जणांचा जीव गेला. मी ऑफिसात होतो. बायकोचा फोन आला, म्हणाली केंद्र बंद आहे, ताई आल्या नाहीत, फोनही लागत नाही. त्या दिवशी मला कळलं की दहा वर्षं ज्यांच्या हातचं खातोय, त्यांचं आडनाव मला माहीत नाही. यादीत शोधणार तरी काय?

दुपारी ताईंचा फोन लागला. मागच्या गाडीत अडकल्या होत्या. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला हजर. मी विचारलं, "ताई, घाबरला नाहीत?" तर म्हणाल्या, "दादा, घाबरून कसं चालेल? घर कसं चालणार?" यालाच आपण 'मुंबईचं स्पिरिट' म्हणतो. ताईंनी तो शब्द वापरला नाही. तो आपण वापरतो, त्यांच्या वतीने.

आणि त्या अपघाताचं कारण? सुरुवातीला सांगण्यात आलं की पाठीवरच्या बॅगा एकमेकींना घासल्या. माझ्याही पाठीवर तीच बॅग, लॅपटॉपची, कंपनीने दिलेली. आमच्या धंद्यात याला 'युजर एरर' म्हणतात. तक्रार आली की पहिलं उत्तर हेच, वापरणाऱ्याचं चुकलं. मी स्वतः शंभर वेळा दिलंय, म्हणून मला ते ओळखू येतं. पुढे रुळांच्या देखभालीवर प्रश्न उठले, नोव्हेंबर २०२५ मध्ये अभियंत्यांवर गुन्हाही दाखल झाला. दोष कुणाचा ते कोर्ट ठरवेल. पण बॅग पाठीवर होती हे खरं असलं, तरी ती बॅग दाराबाहेर का होती, हा प्रश्न उरतोच. आत जागा असती तर कोण कशाला बाहेर लटकेल?

हा प्रश्न विचारायचा कुणाला? तिकिटं एका ॲपमध्ये आली, पण जबाबदारी अजून अकरा ठिकाणी आहे. लोकल केंद्राची, मेट्रो वन भागीदारीतल्या कंपनीची, मेट्रो तीन केंद्र-राज्य मिळून केलेल्या महामंडळाची, स्टेशनबाहेरचा फुटपाथ महापालिकेचा. आणि महापालिकेत तर मार्च २०२२ ला मुदत संपल्यापासून जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासकाचा कारभार. २०२५-२६ चं बजेट ७४ हजार ४२७ कोटींचं, आणि नागरिकांनी निवडून दिलेला एकही माणूस सभागृहात नाही! शेवटी १५ जानेवारी २०२६ ला २२७ जागांसाठी मतदान झालं. एवढी वर्षं वाट पाहून मतदानाला आले किती? निम्म्याहून थोडे जास्त. आमच्या सोसायटीतले तीन जण सुट्टी मिळाली म्हणून लोणावळ्याला गेले. तेच तिघे लिफ्टमध्ये खड्ड्यांबद्दल सगळ्यात मोठ्याने बोलतात.

"बोलून काय होतं?" हा पुढचा प्रश्न मला पाठ आहे. होतं. डिसेंबर २०१७ ला पश्चिम रेल्वेवर एसी लोकल आली तेव्हा भाडं इतकं होतं की आपल्यासारख्यांनी लांबूनच नमस्कार केला. लोक बोलत राहिले, मे २०२२ मध्ये साध्या तिकिटाचं भाडं जवळजवळ निम्म्यावर आलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मध्य रेल्वेने साध्या गाड्यांच्या जागी एसी गाड्या घातल्या. कळवा, बदलापूरचे प्रवासी रस्त्यावर आले, आणि रेल्वेने त्या दहा एसी फेऱ्या मागे घेतल्या. मुंब्र्यानंतर साध्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारं, दारांना झरोके, छतावर हवा खेळवणारी यंत्रणा यांची घोषणा झाली. ही नोंद उघडी ठेवणं आता आपलं काम. दार बंद झालं आणि गाड्या वाढल्या नाहीत, तर दिव्याच्या ताई फलाटावरच राहतील, हेही त्याच नोंदीत लिहावं लागेल.

मी काही क्रांतिकारक नाही. ईएमआय भरणारा माणूस आहे. वडापाव खाणार, पोळीभाजी आणणार, डबा क्रमांकही पाठ ठेवणार, कारण सोमवारी ऑफिसला पोचायचंय. फक्त या सगळ्याला 'आपली संस्कृती' म्हणणं बंद करणार. ही पळवाट आहे. चविष्ट आहे, हुशारीची आहे, पण पळवाट आहे.

काल रात्री लेकीचं ट्रेनिंग पूर्ण केलं. आपला वॉर्ड कुठला, निवडून कोण आलंय, त्यांचं ऑफिस कुठे आहे, रेल्वेची तक्रार १३९ वर कशी करायची आणि तक्रारीचा नंबर जपून का ठेवायचा, हे सांगितलं. पहिल्या भागाला पाऊण तास लागला होता, याला दहा मिनिटंही लागली नाहीत, कारण मलाच यातलं फारसं माहीत नव्हतं. नगरसेवकांचं ऑफिस कुठे ते तिनेच फोनवर शोधून दाखवलं. घरापासून सात मिनिटांवर! रोज त्यावरून जातो.

आणि हो, ताईंचं आडनाव विचारून घेतलं. फोनमध्ये पूर्ण नावाने ठेवलंय.

चला, अकरा वाजले. उशीर केला तर काकूंकडची भरली वांगी संपतात.