एका खोलीतला अभ्यास

"घरात एकच खोली. पोरं अभ्यास कुठं करतील?" पुलगावच्या एका ताईंनी आम्हाला विचारले. प्रश्न खरा आहे. परळच्या चाळीत बाबासाहेबांनाही एकच खोली होती. रामजीबाबा रात्री २ पर्यंत जागत. मग मुलाला अभ्यासाला उठवून त्याच्या जागी स्वतः निजत. चर्नीरोडच्या बागेत वाचणाऱ्या या मुलाची केळुसकर गुरुजींनी आपणहून विचारपूस केली, पुस्तके दिली. १९०७ साली तो मॅट्रिक होताच स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले.

बंधूभगिनींनो, मुलांना २ वाजता उठवू नका. रात्री ९ ला टीव्ही, मोबाईल बंद करा. पहाटेचे दोन तास त्यांना द्या. धडा वाचून, पुस्तक मिटून, आठवेल तेवढे वहीत लिहू द्या. चुकले तेवढेच पुन्हा वाचावे. आणि विहारात वाचणारे लेकरू दिसले, तर आपण शिकलेल्यांनी थांबून विचारावे, "बाळा, कुठे अडले?"

जयभीम!