कुलूप आधी, इतिहास नंतर

लिहिणाऱ्या दोस्तांना मी सांगतो, नोट्ससाठी कमांड लाइनकडे या आणि त्यांना कुलूप लावा. त्यावर दोन उत्तरं येतात. एक, "माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे?" दुसरं जाणकारांचं, "गिटवर टाक, रेपो प्रायव्हेट ठेव, झालं!" पहिलं उत्तर भोळं आहे. दुसरं धोक्याचं, कारण ते ऐकून माणूस निर्धास्त होतो.

भोळ्यांचं आधी. लपवणं म्हणजे गुन्हा लपवणं नव्हे. खोडलेली कविता, मित्रावर चिडून लिहिलेलं पान, न पाठवलेलं पत्र. हे कुणी, कधी वाचायचं ते लिहिणाऱ्यानं ठरवावं. बऱ्याच नोट्स अ‍ॅपमध्ये मजकुराची किल्ली कंपनीकडेही असते. मग ठरवणार कोण?

आता जाणकार. लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 साली लिनक्स कर्नलच्या कामासाठी गिट बनवलं. त्याचा मोठा गुण म्हणजे ते विसरत नाही. महिन्यापूर्वी कापलेला परिच्छेद ते परत आणून देतं. लेखकाला आणखी काय हवं? पण हाच गुण अंगाशी येतो. आज उघडी नोट कमिट केलीत आणि उद्या तीच एन्क्रिप्ट केलीत, तरी आजची उघडी प्रत इतिहासात शाबूत राहते. आणि प्रायव्हेट रेपोचं दार जगाला बंद असतं, सर्व्हर चालवणाऱ्याला नाही.

म्हणून माझा आग्रह क्रमाचा आहे. 'एनबी' हे मुक्त स्रोत साधन पाहा. ते प्रत्येक बदल गिटमध्ये आपोआप कमिट करतं. नोट तयार करतानाच एन्क्रिप्शनचा पर्याय दिला, तर ते पासवर्ड विचारून मजकूर ओपनएसएसएलच्या एईएस-256 पद्धतीनं बंद करतं. हवं तर जीपीजी वापरता येतं. मग इतिहासात जातं ते कुलूपबंदच. फाइलचं नाव मात्र उघडं राहतं, तेव्हा गुपित नावात घालू नका.

याची किंमत आहे. कुलूपबंद नोटच्या दोन आवृत्त्यांतला फरक गिट ओळीओळीनं दाखवू शकत नाही. त्याला दोन्हीकडे नुसता गिचमिडकाला दिसतो. म्हणून मी सगळंच बंद करा म्हणत नाही. वाचन-टिपणं, लेखांचे आराखडे उघडे राहू देत. डायरी बंद करा.

दुसरी किंमत मोठी. पासवर्ड विसरलात तर संपलं. 'फरगॉट पासवर्ड'चं बटण इथे नाही. लोक याला उणीव म्हणतात. मी याला पुरावा म्हणतो. असं बटण दाबून जिथे तुमचा मजकूर परत मिळतो, तिथे किल्ली आणखी कुणाकडे तरी असते. पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवा. निदान ते कपाट तुमचं आहे.