1 मेच्या ग्रामसभेत हा ठराव मांडा

गावाकडच्या मंडळींनो, निशातगंजातून लिहितोय. लखनौच्या या वस्तीत राहून पुष्कळ वर्षं झाली, पण खरीप जवळ आला की मन विदर्भात जातं. यंदा जरा घाईने लिहितोय, कारण पेरणीआधी एकच ग्रामसभा उरली आहे.

निशातगंजचा पूल ओलांडून गोमतीपलीकडे गेलं की महात्मा गांधी मार्गावर भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था लागते. ती 1965 पासून लखनौत आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी मॅनेब हे बुरशीनाशक आणि पॅराक्वॉट हे तणनाशक उंदरांना देऊन त्यांच्यात कंपवातासारखी अवस्था निर्माण केली आणि मेंदूच्या पेशी कशा मरतात ते तपासलं. प्रयोगशाळेत कंपवात आणण्यासाठी मोजून देतात तेच पॅराक्वॉट आपण पाठीवर पंप लटकवून, तोंडाला रुमाल बांधून धुऱ्याधुऱ्याने मारतो.

कंपवात, म्हणजे पार्किन्सन, हात थरथरण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो. फोडणीचा वास येईनासा होतो, पोट साफ होत नाही, बँकेतली सही बारीक होत जाते. घरचे म्हणतात, वय झालं. तोवर डोपामिन तयार करणाऱ्या बऱ्याच पेशी गेलेल्या असतात, आणि गेलेल्या पेशी परत आणणारं औषध अजून नाही.

रसायनावरचा संशय जुना आहे. 1982 साली कॅलिफोर्नियात काही तरुण नशेसाठी भेसळीचं इंजेक्शन घेऊन लाकडासारखे ताठ झाले. डॉ. विल्यम लँग्स्टन यांनी माग काढला. त्या भेसळीतल्या एमपीटीपीपासून शरीरात जे विष तयार होतं, त्याची घडण पॅराक्वॉटशी मिळतीजुळती निघाली. पुढे 2011 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात पॅराक्वॉट किंवा रोटेनोन हे कीटकनाशक हाताळलेल्यांमध्ये पार्किन्सनचं प्रमाण सुमारे अडीचपट आढळलं. फ्रान्सने 2012 मध्ये कीटकनाशकं हाताळणाऱ्या शेतकऱ्यांचा पार्किन्सन हा कामामुळे जडणारा आजार मानला.

अमक्याला कंपवात पॅराक्वॉटमुळेच झाला, असं कोणताही डॉक्टर छातीठोकपणे सांगणार नाही. वय असतं, आनुवंशिकता असते. विकणारे नेमकं यावर बोट ठेवतात. पण हे रसायन चुकून पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही, एवढं तरी निर्विवाद आहे. स्वित्झर्लंडने त्यावर 1989 मध्येच बंदी घातली, युरोपीय संघात 2007 पासून ते बंद आहे, आपल्याकडे केरळने 2011 मध्ये थांबवलं. केंद्राने 2020 मध्ये 27 कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला, त्यात मात्र पॅराक्वॉट नव्हतं.

यवतमाळात 2017 साली फवारणी करताना वीसहून अधिक माणसं गेली, तेव्हा महाराष्ट्र हादरला. ते मरण हंगामातच दिसलं. कंपवात कित्येक वर्षांनी येतो, तेव्हा कोणत्या हंगामात काय मारलं होतं हे कोणाच्याही लक्षात नसतं. म्हणून फवारणीची वही ठेवा: औषधाचं नाव, तारीख, कोणी मारलं. घरात कोणाला कंपवात असेल तर ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. त्यांनी विचारलं नाही तरी शेती करतो, फवारणी केली आहे, हे आपण होऊन सांगा.

मजूर मिळत नाहीत, निंदणाचा खर्च परवडत नाही, हे मला इथे बसून कळत नाही असं समजू नका. कळतं, म्हणूनच पूर्ण तणनाशक सोडा असं म्हणत नाही. पॅराक्वॉटचा डबा तेवढा या खरिपात घरात आणू नका. जिथे जमेल तिथे डवरणीवर भागवा. रिकामा डबा पाण्यासाठी तर कधीच वापरू नका.

आता ठरावाविषयी. 1968 च्या कीटकनाशक कायद्याने राज्य सरकारला फार तर साठ दिवस, आणि वाढवून आणखी तीस दिवस विक्री थांबवता येते. कायमची बंदी केंद्राच्या हाती आहे. त्यामुळे ठरावाची एक प्रत मुंबईला, एक दिल्लीला जाऊ द्या. मजकूर दोन ओळींचा पुरे: 'आमच्या गावाच्या शिवारात पॅराक्वॉट विकू व वापरू नये, असा या ग्रामसभेचा ठराव आहे. राज्याने खरिपापुरती विक्री ताबडतोब थांबवावी आणि केंद्राने त्याची नोंदणी रद्द करावी.' खाली तारीख, सह्या, आणि ज्यांना सही करताना हात आवरत नाही त्यांचे अंगठे.