घर सुटले, तरी धाक रेंगाळतो

मारहाण, अपमान आणि सततची दहशत सोसून एखादी स्त्री अखेर त्या घराबाहेर पडते, तेव्हा माहेरची माणसे सुटकेचा निःश्वास टाकतात. चार दिवस विश्रांती मिळाली की ती पूर्वीसारखी हसू-बोलू लागेल, अशी सर्वांची अपेक्षा असते. अनेकदा घडते मात्र उलटेच. तिची झोप उडते, कुलपात किल्ली फिरली तरी ती दचकते, साध्या प्रश्नानेही डोळे भरून येतात. घरातली माणसे गोंधळून विचारतात, “आता तर सगळे संपले ना, मग आता कशाला रडतेस?”

या प्रश्नाचे उत्तर तिच्या शरीरात आहे. धोक्याची चाहूल लागताच ॲड्रिनलिन, कॉर्टिसॉल यांसारखी संप्रेरके स्रवतात. हृदयाची गती वाढते, स्नायू ताठरतात. जिन्यावरच्या पावलांवरून नवऱ्याचा राग ओळखण्याची सवय जडलेली मज्जासंस्था, केवळ पत्ता बदलला म्हणून आपला पहारा उठवीत नाही. शिवाय तग धरण्यासाठी मनाने बाजूला सारलेले दुःख बरेचदा सुरक्षितता लाभल्यावरच वर येते. त्यामुळे हे रडणे ही पीछेहाट समजू नये. पुष्कळदा तो बरे होण्याचा आरंभ असतो.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या वाटचालीचे तीन टप्पे सांगितले आहेत: प्रथम सुरक्षितता, नंतर घडलेल्याची आठवण व शोक, आणि शेवटी जगाशी पुन्हा नाते जोडणे. हे टप्पे जिन्याच्या पायऱ्यांसारखे एकामागून एक ओलांडले जात नाहीत. वटपौर्णिमा, लग्नाचा वाढदिवस किंवा न्यायालयाची तारीख जवळ आली की सावरलेले मन पुन्हा ढासळू शकते. ज्याने छळले त्याचीच आठवण येऊन ती व्याकुळ होते, हेही स्वाभाविक आहे. मोडलेल्या संसाराबरोबर तिची स्वप्नेही गेलेली असतात आणि त्यांचा शोक तिला करू द्यावा लागतो.

शारीरिक तक्रारींकडे दुर्लक्ष करू नये. डोकेदुखी, पाठदुखी, पोटाच्या तक्रारी, अनियमित पाळी यांमागे दीर्घकाळचा ताण असू शकतो. तरीही ‘मनाचेच आहे’ असे म्हणून तपासणी टाळणे योग्य नव्हे. पूर्वी डोक्याला मार लागला असेल किंवा गळा दाबला गेला असेल, तर ते डॉक्टरांना अवश्य सांगावे. चक्कर येणे, विस्मरण, एकाग्रता न होणे यांचे मूळ तेथे असू शकते. भयस्वप्ने, प्रसंग डोळ्यांपुढे पुन्हा उभे राहणे, सतत सावध असणे ही लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकली, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. हिंसेतून बाहेर पडलेल्या, परंतु आघातोत्तर तणावाने ग्रासलेल्या स्त्रियांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत विचार व वर्तन यांवर आधारित उपचारपद्धती किंवा ‘ईएमडीआर’ ही पद्धती सुचविली आहे. हिंसेच्या प्रश्नाची जाण असलेल्या तज्ज्ञाकडूनच हे उपचार घ्यावेत.

कुटुंबीयांनी काय करावे? ‘झाले गेले गंगेला मिळाले’ असे म्हणण्याची घाई करू नये. त्याचबरोबर खोदून खोदून विचारूही नये. ती बोलेल तेव्हा शांतपणे ऐकावे. छळाच्या घरात तिचा निर्णयाचा अधिकारच हिरावला गेलेला असतो. माहेरी वडील किंवा भाऊ मायेपोटी का होईना, तिच्या वतीने सारे ठरवू लागले, तर ते हिरावणे चालूच राहते. आज भाजी कोणती करायची येथपासून नोकरी, मुलांची शाळा, खटला येथपर्यंत तिचा शब्द अखेरचा असावा. तिच्या नावाचे बँक खाते, तिच्या हाताशी असलेली कागदपत्रे आणि स्वतःची कमाई यांचेही औषधाइतकेच मोल आहे. दुसऱ्या लग्नाचा विषय तिने काढल्याखेरीज कोणी काढू नये.

घर सोडल्यानंतरचा काळ अनेकदा अधिक धोक्याचा असतो, हेही ध्यानात ठेवावे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा वेगळ्या राहणाऱ्या स्त्रीलाही संरक्षण, निवास व आर्थिक साहाय्य मागण्याचा अधिकार देतो. मानसिक छळाबद्दल भरपाईही त्यात मागता येते. तातडीच्या मदतीसाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, तर मनाच्या तक्रारींसाठी ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे.

बरे होणे म्हणजे सारे विसरणे नव्हे. आठवण येते, परंतु ती दिवसभराचा ताबा घेत नाही. दार वाजले तर ती ते सहजपणे उघडते. एखाद्या गोष्टीला ‘नको’ म्हणताना तिचा आवाज कापत नाही. यासाठी काही महिने लागतील, कदाचित काही वर्षेही. तिला तेवढा अवधी देणे, ही कुटुंबाने करावयाची सर्वांत मोठी शुश्रूषा होय.