झोकून न देणारा वकील

आवड असेल तर सगळं सोडून तिच्यामागे लागा, असं व्याख्यानमालेतले वक्ते हल्ली ठासून सांगतात. ऐकणारा पोरगा घरी येतो, कोरडवाहू रान आणि सोयाबीनचा भाव बघतो आणि सोडतो ती आवडच. या उपदेशाने चिकाटीचं जेवढं नुकसान केलंय तेवढं आळसानेही केलं नसेल.

मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे बघा. जन्म 1909चा, पोटापाण्याला वकिली, मुक्काम बुलढाणा जिल्ह्यातच. त्यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशींनी गायली. 1930च्या दशकाच्या आरंभी तिची ध्वनिमुद्रिका निघाली आणि मराठी भावगीताची सुरुवात अनेक जण तिथूनच मोजतात. एवढं नाव झाल्यावर आजचा सल्लागार म्हणाला असता, कोर्ट सोडा, मुंबई गाठा. नाघ मेहकरातच राहिले. ‘शीळ’ याच नावाचा पहिला संग्रह आला 1954 साली, वयाच्या पंचेचाळिशीत. ‘अभिसार’ 1963 साली. मग थेट 1985 साली ‘खूणगाठी’. त्याला 1986चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नव्वदीला टेकल्यावरही ‘गुंफण’ आलंच.

कुणी म्हणेल, हे नशीब. चांगला गायक भेटला, ध्वनिमुद्रिकांचा जमाना होता. खरंच आहे, पहिलं दार नशिबानेच उघडलं. पण एका गाण्याच्या पुण्याईवर कुणी अर्धशतकानंतर अकादमीपर्यंत पोचत नाही. मधल्या काळात कविता लिहावी लागते, आणि तीही कुणी मागत नसताना.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. तालुक्याच्या गावी आयुष्यभर लिहिणारे कितीतरी, त्यांना कोण ओळखतं? बरोबर. चिकाटी यशाची हमी देत नाही, आणि तशी हमी विकणाऱ्यांचा मी वकील नाही. माझं म्हणणं एवढंच, की उशिरा येणारं यश यायचंच असेल, तर ते येईपर्यंत माणूस त्या कामात टिकलेला असावा लागतो. आणि टिकायला पोटाची सोय लागते. अँजेला डकवर्थ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंचा दाखला आपले वक्ते हमखास देतात. डकवर्थबाईंनी 2007 साली मांडलेली जिद्दीची व्याख्याही दूरच्या ध्येयासाठीची चिकाटी आणि ओढ एवढीच आहे. नोकरीचा राजीनामा त्यात कुठे नाही. तो आपल्याकडच्या मंडळींनी पदरचा घातला.

वकिलीत गेलेला वेळ कवितेला मिळाला असता तर? मिळाला असता. पुण्या-मुंबईत पहिला संग्रह पंचेचाळिशीपर्यंत अडला नसता, हेही मान्य. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या संग्रहामधली बावीस वर्षं, घरची चूल पेटती ठेवून, कुठल्या शहराने निभावून दिली असती, तेवढं त्या बाजूच्या वकिलांनी सांगावं.