'अमिगो' चालतं, मग मावची का नाही?

विसरवाडीच्या बसस्टँडवर पाच मिनिटं उभं राहा. 'काय भो', 'बोल ना भाई', 'चल ब्रो' असं सगळं कानावर पडतं. रील बघून काही जण तर थेट 'अमिगो'वर आलेत. यात वाईट काय? काहीच नाही! 'यार' आणि 'दोस्त' तरी मूळचे आपले कुठे? दोन्ही फारसीतून आले आणि घरचेच झाले. इंग्रजीतला 'पॅल' रोमानी भाषेतल्या 'फ्राल'वरून आलाय, आणि हा 'फ्राल' म्हणजे आपल्या 'भाऊ'चाच लांबचा नातलग.

पण 'अमिगो'ची गोष्ट जरा वेगळी आहे. हा शब्द स्पॅनिश, अर्थ मित्र. 1848 मध्ये मेक्सिको युद्ध हरला आणि कॅलिफोर्नियासकट मोठा मुलूख अमेरिकेकडे गेला. स्पॅनिश बोलणाऱ्यांच्या शेजाराने 'अमिगो', 'ओंब्रे', 'कोम्पाद्रे' अशा हाका इंग्रजीत रुळल्या. काउबॉय सिनेमांनी त्या जगभर नेल्या.

जेन हिल या अमेरिकन भाषा-अभ्यासक बाईंनी यातली मेख दाखवली. इंग्रजी बोलणारा गोरा माणूस गमतीत स्पॅनिश शब्द फेकतो, तेव्हा तो मजेशीर ठरतो. ज्यांची ती मायबोली आहे, ते चारचौघांत स्पॅनिश बोलले की मात्र भुवया उंचावतात. म्हणजे शब्द हवाय, माणूस नकोय.

आता आपल्याकडे बघा. आपणही सीमेवरचेच. नवापूर स्टेशनचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातमध्ये. गुजराती, अहिराणी, मावची, भिली, हिंदी सगळं इथे नांदतं. तरी वर्गात 'ब्रो' म्हणणारा स्मार्ट, आणि मावची वळणाने मराठी बोलणारा उभा राहिला की मागच्या बाकावर खुसखुस. त्याच्या बोलण्याची नक्कल करून टाळ्या घेणारेही असतात. मग घरून फोन आला की तो पोरगा कोपऱ्यात जाऊन हळू आवाजात बोलतो. सातासमुद्रापलीकडची हाक आपल्याला कूल वाटते आणि शेजारच्या बाकावरची गावंढळ, हा कुठला न्याय?

'ब्रो' सोडा असं कुणी म्हणत नाहीये. फक्त एक करा. शेजारी बसणाऱ्याला विचारा, तुमच्या घरी मित्राला काय म्हणून हाक मारतात? तो शब्द शिका. आणि उद्या गेटवर त्याला त्याच शब्दाने हाक मारा. न हसता, मनापासून. बघा, तो कसा वळून बघतो ते!