मनमिळाऊ

विवाहासाठी दिल्या जाणाऱ्या परिचयपत्रांत ‘मनमिळाऊ’ हा शब्द आढळला नाही, असे क्वचितच घडते. ‘सुशिक्षित, गृहकृत्यदक्ष, मनमिळाऊ’ असा त्याचा क्रमही बहुधा ठरलेला. पुढे श्रद्धांजलीच्या मजकुरातही तो भेटतो. इतक्या हातांतून फिरलेल्या नाण्यावरचा ठसा पुसट व्हावा, हे ओघानेच आले.

शब्दाची घडण सोपी आहे. टिकणे–टिकाऊ, लढणे–लढाऊ, तसे मिळणे–मिळाऊ. मात्र ‘मिळणे’ या क्रियापदाचे अर्थ दोन. पैसे मिळतात म्हणजे प्राप्त होतात; नदी सागराला मिळते म्हणजे त्याच्याशी एकरूप होते. येथे दुसरा अर्थ अभिप्रेत आहे. ज्याचे मन इतरांच्या मनाशी सहज एकरूप होते, तो मनमिळाऊ. याच कुळातला ‘मेळ’ हा शब्द आपल्या पेढ्यांना परका नाही. रोजमेळात जमा आणि नावे या दोन्ही बाजू मांडल्यावाचून शिल्लक लागत नाही. मनांच्या मेळालाही बाजू दोनच असतात.

बोलघेवडा माणूस मनमिळाऊ असतोच असे नाही. गिऱ्हाइकाशी तासभर गोड बोलणारे कित्येक जण घरी आल्यावर घुमे होतात. उलट एखादी मितभाषी व्यक्ती चार शब्दांत परक्याला आपलेसे करते. अशा व्यक्तीला हे विशेषण अधिक शोभते, असे मला वाटते.

हिंदीत यासाठी ‘मिलनसार’ आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी बोलल्या जाणाऱ्या गुजरातीत मुलगा ‘मळतावडो’, तर मुलगी ‘मळतावडी’. मराठी शब्द मात्र लिंगानुसार बदलत नाही. मनमिळाऊ मुलगा, मनमिळाऊ मुलगी. व्याकरणाने दिलेली ही समानता परिचयपत्रांत टिकत नाही. वराविषयी शिक्षण, व्यवसाय आणि फार तर ‘निर्व्यसनी’ एवढे लिहिले की भागते. ‘मनमिळाऊ’ ही अपेक्षा बहुतेक वेळा वधूकडूनच, आणि तेथे त्याचा अर्थही हळूच पालटतो. सासरच्या सर्वांशी जुळवून घेणारी, उलट प्रश्न न विचारणारी, असे काहीसे त्यात सुचवायचे असते. त्यासाठी मराठीत ‘पडते घेणारी’ हा स्वच्छ शब्दप्रयोग उपलब्ध आहे. तो छापण्याचा संकोच वाटतो, म्हणून एका चांगल्या शब्दाला वेठीस धरले जाते. घरात आलेल्या सुनेच्या मनाशी मिळण्याची नोंद दुसऱ्या बाजूस कोणी करावयाची, हे त्या कागदावर कोठेच लिहिलेले नसते.